विकणारा आणि घेणारा एकच कसा?

पंचायतीसाठी सिमेंट, खडी, पाइप घ्यायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "माल आपल्याच माणसाकडनं घेतला, त्यात काय वाईट?" यावरून पाड्यापाड्यांत तोंडं फिरली आहेत. म्हणून आमचं म्हणणं इथे लिहून ठेवतो.

जवाहर रोजगार योजनेचा पैसा 1989 पासून 1999 पर्यंत ग्रामपंचायतीच्या हातात येत होता. 100 रुपयांतले निदान 60 मजुरीला जावेत असा तिचा नियम होता. मजुरीवर आपलं लक्ष असतं. मस्टरवर अंगठा आपला, एक दिवस कमी लागला तर बाया तिथंच भांडतात. राहिलेल्या 40 कडे कोण बघतो? गोण्या किती उतरल्या, रेती किती ब्रास आली, गाडीभाडं कोणाच्या ट्रकला गेलं, हे सरपंच आणि ग्रामसेवकालाच ठाऊक. चेकवर सह्याही त्या दोघांच्याच. योजनेत ठेकेदार नको असं स्पष्ट लिहिलं होतं, म्हणून ठेकेदार दुकानदार होऊन यायला लागला. तीन दरपत्रकं लागतात, तीही तोच आणून देतो. अक्षर बघा, तिन्हीवर एकच हात.

आता दुसरी गोष्ट. भुरिया समितीच्या शिफारशीनंतर 24 डिसेंबर 1996 ला जो पंचायत विस्तार कायदा झाला, त्यात अनुसूचित क्षेत्रातलं सरपंचपद आदिवासींसाठी राखीव ठेवलंय. ही आपल्या लढ्याची कमाई हाय. पण शेटनेही कायदा वाचलाय. तो सरपंचाच्या भावाच्या नाहीतर भाच्याच्या नावाने बिलबुक छापून देतो. माल शेटच्या गोदामातला, नफा शेटचा, भाच्याला गोणीमागे दोन-चार रुपये. आणि चौकशी लागली की कागदावर आदिवासीचं नाव. जमिनीतही हेच झालं होतं, सातबारा आपल्या नावाचा आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यात.

महाराष्ट्र ग्रामपंचायत कायदा 1958 चा, त्याच्या कलम 14 मध्ये लिहिलंय की पंचायतीच्या कामात किंवा करारात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, सरळ किंवा आडून हिस्सा आहे, त्याला सदस्य राहता येत नाही. हा वाद कलेक्टरपुढे जातो. पण त्या कलमात भाऊ, मेव्हणा, व्याही असे शब्द नाहीत. भाच्याच्या दुकानात सरपंचाचा हिस्सा आहे हे आपल्यालाच दाखवून द्यावं लागतं, आणि बिल बघायला मिळाल्याशिवाय ते दाखवणार कसं?

काही म्हातारी माणसं म्हणतात, पाड्यात तर सगळेच सोयरे, मग घ्यायचं कोणाकडून? बरोबर आहे त्यांचं. शहरातला नियम इथे जसाच्या तसा लावला तर एक घमेलंही विकत घेता येणार नाय. आमचं भांडण सोयरिकीशी नाहीच. आमचं म्हणणं एवढंच की नातं आधी सांगा. ज्याचा सोयरा माल देणार असेल त्याने सभेत उठून तसं बोलावं आणि दर ठरेपर्यंत बाहेर जाऊन बसावं. पाड्यातली जमिनीची भांडणं मिटवताना ज्याचा बांध असतो तो पंच होत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागलं नाही. खरेदीतही तसंच करा. दर सभेत वाचला जावा. गाडी आली की पाड्यातल्या दोन बायांनी गोण्या मोजून वहीत लिहावं, रात्री गाडी आली तर उतरवूच नये.

संघटनेचे काही साथी या वेळी सदस्य झालेत, सरपंचही झालेत. आपल्याच माणसाविरुद्ध बोललं तर शेट हसेल, असं कोणी म्हणतं. हसू दे. संघटनेच्या कार्यकर्त्याने पंचायतीला माल विकू नये, गाडी भाड्याने लावू नये, घरच्यांच्या नावानेही नाही. हा नियम बाकीच्यांपेक्षा कडक आहे, मुद्दाम कडक ठेवायचा. उद्या प्लॉटधारकांची यादी घेऊन मामलेदाराकडे जायचं तर पुढे उभा राहणारा साथी गोण्यांच्या हिशेबात अडकलेला चालणार नाही.

आणि एक हत्यार आपल्या हातात आलंय, ते वापरायला लागू. त्याच विस्तार कायद्यात आहे की पंचायतीने योजनेचा पैसा कुठे खर्च केला याचा दाखला ग्रामसभेकडून घ्यायचा. सभेकडून, म्हणजे तुमच्या-आमच्याकडून. ग्रामसेवक कोरा कागद किंवा हजेरीची वही घेऊन घरोघरी फिरतो आणि "बैठकीचा अंगठा द्या" म्हणतो, तेव्हा तो दाखला तसाच तयार होतो. तसा अंगठा देऊ नका. विहिरीचा कठडा पहिल्याच पावसात फुटला तर गोण्या किती लागल्या हे विचारायचा हक्क त्या अंगठ्याबरोबर जातो.

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला प्रत्येक पाड्यातून निदान दहा माणसं, त्यात बाया निम्म्या, यावीत. वर्षभराची सगळी बिलं टेबलावर मागा आणि वाचायला येणारी शाळेतली पोरं सोबत आणा. बिलावर दुकानाचं नाव असेल, तर ते दुकान कुठं आहे आणि कोण चालवतं, एवढं पोरांना मोठ्याने विचारायला सांगा. ग्रामसेवक बिलं घरी राहिली म्हणाला तर सभा तिथंच थांबवून तारीख घ्या, आणि ती तारीख इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.