पुस्तकांची पेटी गेली कुठे?

आम्हां बडोदेकरांना ग्रंथालयाचा अभिमान जरा जास्तच आहे, हे कबूल करूनच लिहावयास बसलो आहे. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली काचेची जमीन दाखविल्याशिवाय आमच्या घरचा पाहुणचार पुरा होत नाही.

परंतु सयाजीराव महाराजांची खरी दृष्टी त्या काचेत नव्हती. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला आणविले, आणि पुढे लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. गावाने वर्गणी जमविली की सरकार आणि पंचायत आपापला वाटा घालीत. वाचकाने राजधानीला यावे अशी अट नव्हती. पुस्तकच त्याच्या चावडीपर्यंत जाई.

हे आज आठवण्याचे कारण संगणकावरची पुस्तके. आमच्या वाड्यांतली मराठी पुस्तके वाळवीने खाल्ली किंवा घर विकताना रद्दीत गेली. नातवंडे गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेत. अशा घराला पडद्यावर मिळणारे जुने मराठी पुस्तक म्हणजे चैन नव्हे. भाषेशी उरलेला तो एक धागा आहे.

आणि तो धागा सरकारने एकदा हाती दिलाही होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २००३ मध्ये ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ सुरू झाली. सुमारे साडेपाच लाख पुस्तकांची पाने छायांकित झाली, त्यांत मराठीही पुष्कळ. नावे मात्र रोमन लिपीत, आणि तीही अशी वेडीवाकडी उतरविलेली की लेखकाला स्वतःचे पुस्तक ओळखता येऊ नये! तरीही पुस्तके होती. मग स्वामित्वहक्काचा प्रश्न निघाला आणि २०१७ च्या सुमारास दार बंद झाले. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे पुस्तक सर्वांचे होते. अशी सर्वांची झालेली पुस्तकेही त्या दाराआड गेली. कपाटात चार पुस्तके परक्याची निघाली म्हणून वाचनालयालाच कुलूप ठोकणारा कारकून बोर्डनसाहेबाने एक दिवस ठेवला नसता.

त्यांतली बरीच पुस्तके आज वाचावयास मिळतात ती सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या खासगी संस्थेने प्रती ठेवल्यामुळे. महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल आणला. आम्ही आमची पुस्तकेच तिकडे सांभाळावयास दिली. त्या संस्थेचे आभारच मानले पाहिजेत, पण लाजही वाटली पाहिजे.

खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये देशाला अर्पण झाले. काम मोठे आहे. तथापि त्याचे स्वरूप बव्हंशी सूचीचे; पुस्तक असते दुसऱ्याच संस्थेच्या कोठारात. ते कोठार बंद पडले तर हाती राहतो नुसता पत्ता.

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की जनतेच्या पैशाने छायांकित झालेले आणि हक्कमुक्त असलेले पुस्तक पुन्हा काढून घेता येणार नाही असे कायद्यात लिहावे. त्याच्या प्रती प्रत्येक राज्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ठेवाव्यात, आणि नावे देवनागरीत असावीत. पडद्यापुढे गोंधळलेल्या म्हाताऱ्या वाचकाजवळ बसणारा एक माणूसही हवा.

याद्या शुद्ध करण्याचे काम मांडवीपासूनच सुरू करता येईल. जुनी नावे तोंडपाठ असलेले निवृत्त मास्तर आमच्यांत अजून दहा-पंधरा तरी सापडतील. शनिवारी सकाळी मी मोकळा असतो.