बिऱ्हाडाचे माप

'घर' आणि 'बिऱ्हाड' हे शब्द आपण सहसा एकमेकांच्या जागी वापरतो, पण भाषा त्यांच्यात भेद करते. घर बांधतात, बिऱ्हाड थाटतात. घर सोडावे लागते, बिऱ्हाड हलवता येते. घराला पाया असतो. बिऱ्हाडाला वजन असते, आणि ते कोणाला तरी वाहावे लागते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण अस्थिर माणसाच्या कुचेष्टेसाठी वापरत आलो. तिच्यातला हिशेब मात्र आपल्या ध्यानात येत नाही. पाठ जेवढी, तेवढेच बिऱ्हाड. त्याहून मोठे पेलत नाही. फिरत्या घराचे योग्य माप कोणते, हा प्रश्न त्या म्हणीत पूर्वीपासूनच आहे.

अलीकडे तो नव्या रूपात ऐकू येतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही निवृत्तीनंतर घर विकून मोटरहोममध्ये राहण्याची, देश पालथा घालण्याची भाषा आता नवलाची राहिलेली नाही. अशा मंडळींपुढचा पहिला प्रश्न असतो, केवढी गाडी घ्यावी? या प्रश्नाची थट्टा करण्याचे कारण नाही. १८ ते २२ फुटांची व्हॅन कोठेही वळते, कोठेही उभी राहते. पण पावसाच्या दिवसांत दोन माणसांना तीत एकमेकांना ओलांडून जाणेही अवघड. २५ ते ३० फुटांच्या गाडीत पलंग कायमचा मांडून ठेवता येतो. ४० फुटांच्या आसपासची बस म्हणजे चालता दिवाणखानाच, परंतु तिला सामावून घेणारे तळ कमी. अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय उद्यानांतल्या जुन्या तळांवर एवढ्या लांब गाडीला जागाच नसते. शिवाय प्रश्न नुसत्या लांबीचा नसतो. २०० लिटर पाण्याची टाकी भरली की गाडीवर २०० किलोंचा भार चढतो. तेव्हा जाणकार हिशेब मांडतात तो चार गोष्टींचा : आतली जागा, पुढचा रस्ता, वाहायचे वजन आणि मुक्कामी मिळणारे पाणी. या चारांचा मेळ म्हणजे योग्य माप.

हेच चार निकष घेऊन आम्ही वाचकांना जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातील अंकुशनगरच्या परिसरात नेऊ इच्छितो. समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव नकाशावर आले. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने या पट्ट्यात ऊस आणला आणि उसाने कारखाना. दक्षिणेला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो, ज्याची ओळख ऊसतोड मजुरांचा जिल्हा अशीच होऊन बसली आहे. खुद्द जालन्यातूनही दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला निघतात. म्हणजे ज्या जिल्ह्यात गाळप होते, त्याच जिल्ह्यातून माणसे दुसरीकडच्या गाळपाला जातात. वर्षाचे पाच-सहा महिने रस्त्यावर आणि फडात काढणारी ही लाखो माणसे फिरत्या घरात राहतात. महाराष्ट्रातील सर्वांत मोठी 'कॅराव्हॅन' हीच, फक्त तिला कोणी त्या नावाने ओळखत नाही.

आता माप पाहू. गाडी सेंटरचा मजूर स्वतःची बैलजोडी घेऊन येतो. टायरगाडी पुष्कळदा कारखान्याकडून भाड्याने मिळते. त्या गाडीचा आकार ठरतो तो उसावरून. दीड-दोन टन किंवा त्याहूनही अधिक मोळ्या तिच्यावर रचायच्या असतात. काळ्या रानातून, पाणंदीच्या चिखलातून तिला बाहेर काढायचे असते. संसार हा तिच्या हिशेबातला मुख्य माल नव्हे. संसार येताना आणि जाताना तिच्यावर चढतो. मधल्या काळात ती उसाची असते. ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या टोळीत तर एकाच वाहनात अनेक बिऱ्हाडे कोंबलेली असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला येते ती पत्र्याच्या पेटीएवढी, दोन-चार पोत्यांएवढी जागा. त्यात ज्वारी-बाजरी, भांडी, गोधड्या, पाण्याचे हंडे, कोयते आणि त्यांना धार लावायची कानस. कधी एखादी शेळी. मुक्कामी पोहोचल्यावर बांबू, तट्ट्या आणि पाचट यांची कोपी उभी राहते. तिच्यात वाकून शिरावे लागते. उभे राहायचे तर मधोमध.

म्हणजे निकष तेच चार आहेत. बदलतो तो ठरवणारा. मोटरहोम घेणारा माणूस जागा, रस्ता, वजन आणि पाणी यांचा मेळ स्वतः घालतो. ऊसतोड्याच्या बाबतीत जागा मुकादम ठरवतो, रस्ता ऊस ठरवतो, वजनाचा मोठा भाग आधीच घेतलेल्या उचलीचा असतो, आणि पाणी ज्याच्या विहिरीवर मिळेल त्याच्या मर्जीवर अवलंबून राहते. या व्यवसायाच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. जिथे कुटुंबच हत्याराच्या नावाने मोजले जाते, तिथे कुटुंबाला राहायला किती जागा लागते हा प्रश्न विचारलाच जात नाही. हत्याराला लागते तेवढी जागा त्याला मिळते.

बिऱ्हाडाचे माप कळते ते आत काय मावले यावरून. त्याहून अधिक कळते ते मागे काय राहिले यावरून. मोटरहोममध्ये जाणारे दांपत्य पुस्तकांची कपाटे वाटून टाकते, सोफा विकते. त्याचे दुःख खरे असते. ऊसतोड्याच्या गाडीत न मावणाऱ्या गोष्टींत माणसे असतात. म्हातारे आई-वडील गावी राहतात. शाळेत जाणारी मुले त्यांच्यापाशी राहतात, आणि ज्यांना सांभाळायला कोणी नाही ती फडावर येतात व शाळेतून गळतात. शासनाची हंगामी वसतिगृहे आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना यांचे आम्ही स्वागतच करतो. पण त्या योजनांचा दुसरा अर्थही नजरेआड करू नये. या बिऱ्हाडात मुलांना जागा नाही, हे त्यांनी मान्य केलेले आहे.

यावर एक जुने, सुसंस्कृत उत्तर तयार असते. माणसाला लागतेच किती? हेन्री डेव्हिड थोरो याने वॉल्डनच्या तळ्याकाठी १० फूट बाय १५ फुटांची खोली बांधली आणि तिच्या खर्चाचा पैन् पै हिशेब लिहिला. त्याच पुस्तकात तो रेल्वेमार्गालगत पाहिलेल्या एका पेटीचा उल्लेख करतो. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, मजुरांची अवजारे रात्री कुलूपबंद ठेवण्याची. तीत भोके पाडून घेतली तर माणूस रात्रीपुरता स्वतंत्र राहू शकेल, असे तो अर्धे थट्टेने आणि अर्धे गांभीर्याने म्हणतो. आपल्याकडेही ही परंपरा थोर आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जालना जिल्ह्यात आहे. बोहल्यावरून निघून गेलेला आणि पुढे देशभर भ्रमंती केलेला तो पुरुष झोळीएवढ्या बिऱ्हाडावर जगला, ही कथा आपण बालपणापासून ऐकतो. अल्पपरिग्रहाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु थोरोच्या वाक्यातील एक तपशील वाचताना निसटतो. ती पेटी मजुरांची होती, आणि ते मजूर कोठे झोपत होते हे त्याने तिथे सांगितलेले नाही. स्वेच्छेने लहान केलेले घर हा विचार असतो. दुसऱ्याने लहान केलेले घर ही केवळ अडचण असते. दोहोंची लांबी-रुंदी एक असली, तरी त्यांना एकच शब्द लावणे हा भाषेचा अपराध होय.

मराठी साहित्याने हा भेद ओळखला आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले तेव्हा गाढवांच्या पाठीवरचा कैकाडी संसार पहिल्यांदाच मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आला. त्यानंतर दादासाहेब मोरे यांचे 'गबाळ' आले, अशोक पवार यांचे 'बिराड' आले. या दोन शीर्षकांकडे नीट पाहावे. दोन्ही शब्द प्रवासाचे नाव घेत नाहीत, वाटेचे घेत नाहीत. वाहून न्यायच्या सामानाचे घेतात. असे असूनही आमच्या वर्गांत ही आत्मकथने शिकवली जातात ती 'भटकेपणाचे चित्रण', 'वेदनेचा हुंकार' अशा ठरीव मथळ्यांखाली. विद्यार्थी परीक्षेत वेदना लिहितो, गुण मिळवतो, आणि गाढवाच्या पाठीवर नेमके काय काय होते हे त्याला आठवत नाही. आमचे म्हणणे असे की या पुस्तकांचे पहिले वाचन यादीसारखे व्हावे. काय उचलले, काय टाकले, कोण चालले, कोण बसले, पाणी कोठून आले. ही यादी नीट केली की वेदनेविषयी वेगळे लिहावे लागत नाही.

येथे एक योगायोग सांगितला पाहिजे. जेसिका ब्रुडर या अमेरिकन पत्रकार स्त्रीचे 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर घर परवडेनासे झालेली, व्हॅनमध्ये आणि लहानशा ट्रेलरमध्ये राहून हंगामी कामे करत फिरणारी उतारवयातील माणसे हा त्याचा विषय. त्या हंगामी कामांतले एक काम आहे साखरेचे. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर शरद ऋतूत बीट काढणीला अशी माणसे आपापली घरे घेऊन जमतात आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. साखर उसाची असो वा बीटची, तिच्या हंगामाला चाकांवरची घरे लागतात, असा हा अजब मेळ आहे. तेथील श्रमही कठोर आहेत, वये तर अधिकच. पण एक फरक डोळ्यांत भरतो. भरतीच्या जाहिरातीतच मजुराला गाडी उभी करायला जागा, पाण्याची आणि विजेची जोडणी, सांडपाण्याची सोय देऊ केलेली असते. घर मजुराचे, तळ कारखानदारीचा, असा तो करार आहे.

आमच्या प्रतिपादनाचा गाभा हाच. फिरत्या घराचे माप नुसत्या घरावरून ठरत नाही, तळावरून ठरते. तळावर पाणी असेल तर टाकी लहान चालते. न्हाणीघर आणि शौचालय असेल तर गाडीत ते नसले तरी चालते. मुलांना बसायला सुरक्षित जागा आणि शिकवायला कोणी असेल, तर त्यांना मागे ठेवावे लागत नाही. तळ जेवढा मोठा, तेवढे घर लहान असू शकते. ऊसतोड्यांचे घर तर लहान आहेच. पुष्कळ ठिकाणी तळ हा नुसता मोकळा माळ असतो. पहाटे अंधारात उठणाऱ्या बाईला आडोसा शोधावा लागतो. हा उणेपणा घराच्या लांबी-रुंदीत मोजता येत नाही. तो शरीरात साठत जातो.

यावर आक्षेप येईल की स्थलांतर थांबवणे हेच खरे उत्तर आहे, तळ सजवून काय साधणार? मराठवाड्यातील कोरडवाहू शेती सावरावी आणि कोणाला बाहेर पडावे लागू नये, हे आम्हांसही मान्य आहे. ते होईल तेव्हा होईल. येत्या हंगामात मात्र गाड्या निघणारच आहेत. दुसरा आक्षेप, एवढ्या फिरत्या लोकांची सोय करायची कशी? याचे उत्तर आपणच दरवर्षी आषाढात देतो. पालख्यांचे मुक्काम ठरलेले असतात. तेथे टँकर, फिरती शौचालये, दवाखाने पोहोचतात. लाखोंचा समुदाय रोज तळ बदलतो आणि त्याची व्यवस्था लागते. पर्यटकासाठीही २०२१ च्या धोरणात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे, आणि तेथे पाणी, रस्ता, वीज असावी अशी अपेक्षा आहे. म्हणजे यात्रेकरूचा तळ आपल्याला कळतो, पर्यटकाचाही कळतो. मजुराचा तळ तेवढा कळत नाही, आणि त्याचे मुक्काम तर कोणत्याही पर्यटकाच्या मुक्कामांपेक्षा आधी ठाऊक असतात. ऊस कोणत्या शिवारात उभा आहे याची नोंद कारखान्याच्या शेतकी खात्यात असते. त्या नोंदीत तोडणाऱ्यांच्या मुक्कामाचा एक रकाना वाढवणे अशक्य नाही.

साहित्याच्या शिक्षकांनी हे कशासाठी वाचावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की धोरणाआधी शब्द येतो. 'कॅराव्हॅन' म्हटले की शासनाला पार्क सुचतो आणि 'कोपी' म्हटले की कोणालाच काही सुचत नाही, यात दोष कोपीचा नाही. दोन्ही बिऱ्हाडेच आहेत. वर्गात 'बिराड' उघडताना शिक्षकाने फळ्यावर कॅराव्हॅन आणि कोपी हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहावेत, आणि विद्यार्थ्यांना दोहोंचे माप काढायला सांगावे. आत किती मावते, मागे कोण राहते, आणि उतरल्यावर पाणी कोण देते. तिसऱ्या प्रश्नापाशी वर्ग थांबेल. त्याला तिथे थोडा वेळ थांबू द्यावे.