आधी खूण, मग प्रवास

गेम म्हटलं की वॉर्डनपासून घरच्यांपर्यंत सगळे एका सुरात 'टाइमपास' म्हणतात. मला मात्र वाटतं, 'ईव्ह ऑनलाइन'कडून आपण शिरवळच्या हॉस्टेलवाल्यांनी एक सवय जरूर उचलावी.

आइसलंडच्या सीसीपी कंपनीने 2003 साली काढलेला हा अंतराळाचा गेम. यान फुटलं की गेलंच. सुरुवातीला यान गेटच्या 15 किलोमीटर अलीकडे थांबायचं आणि तेवढ्या अंतरात लुटारू गाठायचे. मग खेळाडूंनी अशा जागा बुकमार्क केल्या की यान थेट गेटपाशीच उतरेल. या बुकमार्कांचा सर्व्हरवर एवढा भार पडला की 2006 मध्ये कंपनीनेच ती सोय सगळ्यांना दिली! दुसरी युक्ती म्हणजे वाटेत मधेच, जिथं काहीच नाही तिथं, खूण करून ठेवायची. संकटात तिथं पळायचं. प्रोब लावून शत्रू तीही शोधतो, म्हणून अशा चार-पाच जागा हव्यात.

यातली मेख अशी, की खुणा निवांत वेळी कराव्या लागतात. हल्ला झाल्यावर जागा शोधणारा संपलाच.

आणि आपण? रात्री बाइक काढतो, खंबाटकी घाटात पाऊस गाठतो, मग आडोसा शोधत हायवेच्या कडेला अंधारात उभे राहतो. त्यापेक्षा दिवसाउजेडी पेट्रोल पंप, दवाखाना, रात्री उघडा असणारा ढाबा मोबाइलच्या नकाशात सेव्ह करा, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. सीनियर्सनी ही यादी ज्युनियर्सना द्यावी. रेंज गेल्यावर तीच कामाला येईल.