समुद्र लांब आहे, ही अडचणच नव्हे

समुद्रातले जीव समुद्रकाठच्यांनीच पाळावेत, मराठवाड्यात तो निव्वळ खुळेपणा, असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ, समर्थ रामदासांचं जन्मगाव, अरबी समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून लांब आहे. तिथल्या घरात सी ॲनिमोन, म्हणजे समुद्रपुष्प, निरोगी राहील का? राहील. अंतराचा आक्षेप मला मुळीच मान्य नाही.

मुंबईतला जाणता हौशीसुद्धा टाकीत चौपाटीचं पाणी ओतत नाही. तोही शुद्ध पाण्यात तयार सागरी मीठ विरघळवतो. लिटरला साधारण 35 ग्रॅम, विशिष्ट गुरुत्व 1.025. फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाने 1854 च्या सुमारास इंग्लंडमध्ये कृत्रिम समुद्रपाणी तयार केलं होतं. मात्र स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात नावापुरतंही नसतं. बोअरचं पाणीही नको, कारण शेतात टाकलेल्या खतांचं नायट्रेट त्यात उतरलेलं असू शकतं. आरओच्या पुढे डीआयोनायझर लावून गाळलेलंच पाणी हवं.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा आक्षेप मात्र खरा आहे. ॲनिमोनच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसतं. म्हणूनच त्याला भरपूर प्रकाश लागतो. पाणी 24 ते 27 अंश असावं. ते तिशीपलीकडे गेलं आणि तसंच राहिलं, की शैवाल बाहेर पडतं, जीव पांढराफटक होतो आणि उपासमारीने मरतो. दुकानात दुर्मीळ म्हणून विकायला ठेवलेला शुभ्र ॲनिमोन बहुधा असाच मरणाच्या वाटेवरचा असतो.

पण याच उन्हाळ्यात जालन्याची हवा मुंबईपेक्षा कोरडी असते, हे टीकाकार विसरतात. माठ ज्या कारणाने गार होतो, त्याच कारणाने टाकीवर सोडलेला पंखा इथे पाणी चांगलं उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत तो निम्माही उपयोगी पडत नाही. त्याची किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते. बाष्पाबरोबर मीठ उडत नाही, म्हणून भर रोज घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. खारं पाणी घातलं तर क्षारता चढत जाते. शिवाय आरओ जितकं पाणी देतं, त्याहून जास्त वाया घालवतं. टँकरच्या गावात ते मोरीत सोडणं मला तरी पाप वाटतं. भांड्यांना, फरशीला वापरा. आणि वीज गेली तरी पंप चालेल इतका इन्व्हर्टर आधी घ्या.

क्लाउनफिश हा मासा ॲनिमोनशिवाय जगत नाही, हाही गैरसमज. समुद्रात त्याला आसरा लागतो. टाकीत शिकारीच नसेल तर त्यावाचून काही अडत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते; पाळायचाच असेल तर असा पैदाशीतला मासा घ्यावा. हौसेखातर रत्नागिरी-मालवणच्या खडकांवरून ॲनिमोन खरवडून आणणं मला साफ नामंजूर आहे. पायाची चकती फाटली की तो सहसा वाचत नाही.

ॲनिमोन अल्पायुषी असतो म्हणणाऱ्यांनी एडिंबरोचा दाखला पाहावा. निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी 1828 मध्ये गोळा केलेला एक ॲनिमोन काचेच्या भांड्यात 1887 पर्यंत जगला. तो थंड पाण्यातला होता खरा. पण आपल्याकडे ते महिन्यांत मरतात ते आयुष्य संपून नव्हे, कच्च्या टाकीत टाकल्याने. अमोनिया शून्य, नायट्रेट कमी आणि क्षारता स्थिर राहायला टाकीला सहा महिने ते वर्ष लागतं. ॲनिमोन सोडल्यावर तो आपली जागा स्वतः शोधत सरकतो. त्याला उचलून हलवू नका. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर तो आत ओढला जाऊन चिरडला जातो. तोंड सताड उघडं पडून दुर्गंधी सुटली तर लगेच बाहेर काढा, सडता ॲनिमोन सगळी टाकी नासवतो.

जांब समर्थमध्ये तो जरूर पाळा. मात्र टाकीने एक उन्हाळा निभावून नेल्याशिवाय विकत घेऊ नका.