पूर्वस्थितीवर परतण्याचा हक्क

इटलीच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपल कंपनीस एक कोटी आणि सॅमसंग कंपनीस पन्नास लाख युरोंचा दंड ठोठावला. दंडाच्या या रकमा मोठ्या असल्या, तरी त्या निर्णयातील जो मुद्दा मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो, त्याचा पैशाशी फारसा संबंध नाही. सॅमसंगच्या ‘गॅलेक्सी नोट ४’ या फोनच्या धारकांना अँड्रॉइडची नवी आवृत्ती चढविण्याचा आग्रह सतत करण्यात आला. ती आवृत्ती ‘नोट ७’ या नव्या फोनसाठी सिद्ध केलेली असल्याने जुन्या फोनांत गंभीर बिघाड उत्पन्न झाले, आणि ज्यांच्या हमीची मुदत संपली होती त्यांच्याकडून त्या बिघाडांच्या दुरुस्तीपोटी भारी रक्कम मागण्यात आली. या वर्तनावर ठपका ठेवताना प्राधिकरणाने हेही नमूद केले, की फोन पूर्ववत कार्यक्षम करून घेण्याचे कोणतेही परिणामकारक साधन ग्राहकांस दिलेले नव्हते.

पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सच्या ग्राहकसंरक्षण खात्याने ॲपलवर अडीच कोटी युरोंचा दंड बसविला. आयओएसच्या नव्या आवृत्तीमुळे जुन्या बॅटरीचे आयफोन मंदावू शकतात, ही गोष्ट ग्राहकांपासून दडून राहिली, हा मूळ आरोप. पण पूर्वीच्या आवृत्तीवर परतणे शक्य नसल्यामुळे अनेकांना बॅटरी बदलणे किंवा नवा फोनच खरेदी करणे भाग पडले, हेही त्या खात्याने स्पष्ट शब्दांत सांगितले. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये, आयओएसची अठरावी आवृत्ती घेतल्यानंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारी आल्यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस बजावल्याचे केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केले. तीन देशांतील या तीन प्रकरणांत ग्राहकाची अडचण एकच आहे: काल सुरळीत चालणारे यंत्र आज बिघडले, कालची प्रणाली कोठे आहे हे सर्वांस ठाऊक आहे, आणि तरीही ती पुन्हा यंत्रात घालण्याची मुभा यंत्राच्या मालकास नाही.

ही मुभा मालकीहक्काचाच अविभाज्य अंश आहे आणि ती कोणत्याही उत्पादकाच्या मर्जीवर सोडता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. खरेदीखत एकाच्या नावे आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी जमिनीच्या बाबतीत असह्य ठरणारी स्थिती आपण खिशातील फोनच्या बाबतीत निमूटपणे मान्य केली आहे.

हे बंधन कसे घातले जाते, ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. फोन चालू करताच सर्वप्रथम जो छोटा कार्यक्रम जागा होतो त्यास बूटलोडर म्हणतात. पुढे चालणाऱ्या प्रणालीवर उत्पादकाची अंकीय स्वाक्षरी आहे किंवा नाही, हे तो तपासतो, आणि ती नसेल तर, बूटलोडर कुलूपबंद असल्यास, फोन सुरू होऊ देत नाही. अलीकडील अनेक फोनांत याच्या जोडीला आणखी एक तजवीज असते: आवृत्तीसोबत एक अनुक्रमांक यंत्राच्या सुरक्षित स्मृतीत किंवा चिपमधील सूक्ष्म फ्यूजमध्ये नोंदला जातो, तो केवळ वाढतो, कधीही घटत नाही, आणि त्याहून कमी क्रमांकाची प्रणाली, तिच्यावर उत्पादकाची अस्सल स्वाक्षरी असली तरी, नाकारली जाते. आयफोनची रीत निराळी आहे. तेथे प्रणाली पुन्हा भरण्याच्या क्षणी ॲपलच्या सर्व्हरची त्या विशिष्ट यंत्रापुरती संमती घ्यावी लागते. नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर लवकरच मागील आवृत्तीस ही संमती देणे बंद होते, आणि मग मूळ, अविकृत फाइल आपल्या संगणकावर जपून ठेवलेली असली तरी तिचा उपयोग उरत नाही.

ज्यांनी फोनमध्ये हेतुपुरस्सर फेरफार केला, त्यांची स्थिती याहून कठीण आहे. असा फेरफार करणारा मनुष्य काही तरी लपवू पाहतो, ही समजूत सर्वस्वी अन्यायाची आहे, आणि मराठी वाचकांनी तर ती मुळीच बाळगू नये. सन २०११ च्या आसपास आपल्या बाजारात असलेल्या कित्येक अँड्रॉइड फोनांवर देवनागरी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत, किंवा अक्षरे दिसली तरी जोडाक्षरे तुटत आणि वेलांट्या भलतीकडे जात; ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या आतल्या मांडणीत शिरून अक्षरे चित्ररूपाने मागविण्याची युक्ती तेव्हा वापरली जात असे, आणि ज्यांना तेवढ्यावर समाधान मानवेना त्यांनी फोन ‘रूट’ करून, म्हणजे त्याच्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवून, त्यात देवनागरीचा फाँट घातला. मातृभाषा वाचता यावी म्हणून केलेला हा फेरफार होता. कंपनीने सुरक्षा-सुधारणा बंद केल्यावर धडधाकट फोन टाकून देण्याऐवजी स्वयंसेवकांनी चालविलेली लिनिएजओएससारखी प्रणाली त्यात घालणारे आजही आहेत. त्या प्रणालीची पूर्वज सायनोजेनमॉड. तिच्याच कर्त्यांपैकी काहींनी काढलेल्या कंपनीची प्रणाली घालून मायक्रोमॅक्सने ‘यू युरेका’ हा फोन जानेवारी २०१५ पासून भारतात विकला होता, आणि २०१६ च्या अखेरीस या कर्त्यांच्या कंपनीने आपल्या सेवा बंद केल्यावर काम पुढे चालू ठेवले ते स्वयंसेवकांनीच. अमेरिकेत तर जुलै २०१० मध्येच काँग्रेसच्या ग्रंथपालांनी फोनवरील असे निर्बंध दूर करण्यास स्वामित्वहक्काच्या कायद्यातून सूट दिली. बाहेर पडण्याची परवानगी कायद्याने दिली. परत येण्याची सोय करून देण्याचे दायित्व मात्र कोणावरही टाकले नाही.

आणि परत येण्याची गरज पडतेच. बँकेचे ॲप बदललेली प्रणाली ओळखून चालण्यास नकार देते, आणि ज्या देशात भाजीच्या जुडीचे पैसेही यूपीआयने दिले जातात तेथे तो नकार दैनंदिन व्यवहारासच अटकाव करतो. फोन विकावयाचा असतो, घरातील वडीलधाऱ्यांस द्यावयाचा असतो, किंवा नवी प्रणाली पसंतच पडलेली नसते. अशा वेळी फोनची मूळ प्रणाली, म्हणजे फर्मवेअर, मिळवावयाचे कोठून? गूगलने आपल्या पिक्सेल फोनांची मूळ प्रणाली सर्वांस खुली ठेवली असून ब्राउझरमधूनच ती फोनमध्ये भरण्याची सोय केली आहे, याबद्दल त्या कंपनीची प्रशंसा केली पाहिजे. परंतु सर्वच कंपन्या इतक्या मोकळ्या नाहीत. सॅमसंगचे ओडिन हे सेवाकेंद्रांसाठी घडविलेले साधन ग्राहकांनी आपल्या हिमतीवर वापरावयाचे, आणि फाइली तिऱ्हाइतांच्या संकेतस्थळांवर शोधावयाच्या, अशी वहिवाट वर्षानुवर्षे चालत आली आहे.

मुंबईच्या मनीष मार्केटपासून तालुक्याच्या एसटी स्थानकाबाहेरील टपरीवजा दुकानापर्यंत ‘सॉफ्टवेअर मारून मिळेल’ असे सांगणारे जे हजारो कारागीर आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे; अपुऱ्या साधनांनिशी आणि कंपनीच्या कोणत्याही साहाय्याविना ते गोरगरिबांचे फोन पुन्हा चालते करतात. मात्र त्यांना अधिकृत फाइल मिळत नाही, ही स्थिती फोनच्या धन्यास महाग पडू शकते. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या फोनचे प्रदेशानुसार व चिपनुसार निरनिराळे प्रकार असतात आणि एकाची फाइल दुसऱ्यात गेली की फोन ‘डेड’ होतो किंवा लोगोवरच अडकून राहतो. बदललेली प्रणाली आत असतानाच बूटलोडर पुन्हा कुलूपबंद केला, तर फोन सुरू होण्याचेच नाकारतो. शाओमीने २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रो या आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या फोनात परतबंदी, म्हणजे वर सांगितलेली केवळ वाढणाऱ्या अनुक्रमांकाची तजवीज, आणली, तेव्हा सवयीने जुनी आवृत्ती भरणाऱ्यांचे फोन निष्प्राण झाले, आणि ते जिवंत करण्यासाठी लागणारी अधिकृत खात्याची किल्ली केवळ सेवाकेंद्रांकडे होती. याहून गंभीर गोष्ट फोनची ओळख ठरविणाऱ्या आयएमईआय क्रमांकाची. चुकीच्या फाइलीने तो क्रमांक साठविणारा फोनचा विभाग पुसला गेला, तर जाळ्याशी संबंध तुटतो. आणि दुरुस्तीच्या नावाखाली कोणी दुसराच क्रमांक लिहिला, तर दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये तो तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा या दोन्ही शिक्षांस पात्र असा अपराध ठरू शकतो. अज्ञ ग्राहकास या खाईच्या काठावर उभे करणारे कारण अखेर हेच, की अस्सल फाइल मिळविण्याचा राजमार्ग त्याच्यासाठी बंद आहे.

उत्पादकांची बाजूही विचारार्ह आहे. जुन्या आवृत्तीत उघडकीस आलेली छिद्रे असतात. चोराच्या हाती फोन पडला आणि त्याला ती आवृत्ती पुन्हा भरता आली, तर त्या छिद्रांतून तो आत शिरू शकेल. हा धोका खरा आहे आणि परतबंदीचा अनुक्रमांक त्याच्यावरील योग्य उपाय आहे. परंतु त्या उपायासाठी परतीचा मार्गच बुजविणे अपरिहार्य आहे काय? ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइडची तेरावी आवृत्ती आली, तेव्हा पिक्सेल ६ मालिकेच्या फोनांवर ती एकदा घेतली की बाराव्या आवृत्तीवर परतता येणार नाही, असा इशारा गूगलने आधी दिला. आणि पुढे, वाढविलेला अनुक्रमांक घातलेली बारावी आवृत्ती विकसकांच्या उपयोगासाठी स्वतःच प्रसिद्ध केली. म्हणजे सुरक्षेचा अनुक्रमांक पुढे नेऊनही मागील प्रणाली चालविता येते, हे गूगलनेच कृतीने सिद्ध केले. जी सोय विकसकास मिळू शकते ती फोनच्या सामान्य मालकास नाकारण्याचे कोणतेही तांत्रिक कारण मला दिसत नाही.

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. मोबाइल फोन तिच्या कक्षेत प्रारंभापासूनच आहे. दुरुस्ती म्हणजे पडदा व बॅटरी बदलणे, एवढाच संकुचित अर्थ न घेता प्रणाली मूळ पदावर आणणे हीही दुरुस्तीच होय, हे त्या हक्कात लेखी अंतर्भूत झाले पाहिजे. प्रत्येक मॉडेलची आणि त्याच्या प्रत्येक प्रादेशिक प्रकाराची स्वाक्षरीयुक्त मूळ प्रणाली, ती भरण्याच्या साधनासह आणि मराठीसह भारतीय भाषांतील सूचनांसह, उत्पादकाने विनामूल्य प्रसिद्ध करावी. नवी आवृत्ती घेतल्यावर मागे फिरता येणार नसेल, तर संमतीचे बटण दाबण्यापूर्वी ते ठळक अक्षरांत सांगावे. आणि नव्या आवृत्तीने फोन मंदावला तर ठराविक मुदतीत, सुरक्षेच्या दुरुस्त्या घातलेली मागील आवृत्ती देण्यास उत्पादक बांधील असावा.

बँकांबाबतही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूळ प्रणाली पुन्हा भरून बूटलोडर विधिवत कुलूपबंद केला, तर बहुतेक फोनांवर बँकेची ॲप पुन्हा चालू लागतात, आणि हे रास्तच आहे. मात्र सॅमसंगच्या फोनांत अनधिकृत प्रणाली घातली की नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेचा फ्यूज उडतो, आणि तो पुन्हा जोडता येत नाही. मूळ प्रणाली अक्षरशः जशीच्या तशी परत आणली तरी ‘सिक्युअर फोल्डर’सारख्या सुविधा त्या यंत्रास कायमच्या पारख्या होतात. एके काळी यंत्रात फेरफार झाला होता एवढी नोंद उत्पादकाने आपल्या दप्तरी खुशाल ठेवावी. पण आज यंत्र मूळ स्थितीत आहे हे तपासणीने सिद्ध होत असेल, तर त्याच्या सर्व सुविधा मालकास परत मिळाव्यात, आणि फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान सात वर्षे त्याची मूळ प्रणाली उपलब्ध राहावी, अशी तरतूद केंद्र शासनाने ग्राहक संरक्षण अधिनियमाखालील नियमांत करावी.