शैलीला साक्षीदार करू नका

साहित्याच्या मासिकाने एका खुनाच्या तपासात का पडावे, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर साधे आहे. या खुनाचा निवाडा साहित्यसमीक्षेच्या हत्यारांनी करण्याचा उद्योग पाव शतकाहून अधिक काळ चालला आहे. वाक्यांची लांबी, शब्दांची निवड, शुद्धलेखन, उसने संवाद ही सारी हत्यारे आमच्याच घरातली आहेत. ती कोणाच्या गळ्यावर फिरत असतील, तर त्याविषयी बोलणे आमचे कर्तव्यच ठरते.

हकीकत थोडक्यात अशी. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बोल्डर नावाचे गाव आहे. तेथे २६ डिसेंबर १९९६ रोजी पहाटे पॅट्सी रॅमसी या बाईंना आपल्या घराच्या जिन्यावर एक चिठ्ठी सापडली. सहा वर्षांच्या जॉनबेने या मुलीला पळवून नेले असून तिच्या सुटकेसाठी १,१८,००० डॉलर द्यावेत, पोलिसांना कळविल्यास मुलगी जिवंत राहणार नाही, असा तीत मजकूर होता. बाईंनी सहा वाजण्यापूर्वीच पोलिसांना दूरध्वनी केला. पोलीस आले, स्नेहीसोबती आले, घरभर माणसांची ये-जा सुरू झाली. मात्र संपूर्ण घर नीट धुंडाळले गेले नाही. दुपारी एकच्या सुमारास मुलीचे प्रेत तळघरात तिच्या वडिलांनाच सापडले. गळा आवळलेला होता आणि कवटीला तडा गेला होता. आजवर या खुनाबद्दल कोणावरही खटला उभा राहिलेला नाही.

चिठ्ठी अडीच पानांची. ती घरातल्याच वहीच्या कागदावर घरातल्याच लेखणीने लिहिलेली निघाली. त्याच वहीत ‘श्री. व सौ.’ अशा संबोधनाने आरंभ करून सोडून दिलेला एक मसुदाही सापडला. १९९७ साली चिठ्ठीचा मजकूर प्रसिद्ध झाला, आणि जो तो तिचा भाष्यकार झाला. तेव्हापासून वाद करणाऱ्यांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, लिहिणारा घरातलाच. दुसरा म्हणतो, बाहेरून आलेला. वाचकांच्या सोयीसाठी आम्ही त्यांना गृहपक्ष आणि आगंतुकपक्ष म्हणू.

मौज अशी की, दोन्ही पक्षांचा पुरावा एकच आहे. १,१८,००० हा आकडा घ्या. मुलीचे वडील जॉन रॅमसी यांना कंपनीकडून मिळालेला बोनस जवळजवळ तेवढाच होता. गृहपक्ष म्हणतो, ही गोष्ट घरच्यांवाचून कोणाला ठाऊक असणार? आगंतुकपक्ष म्हणतो, कंपनीतल्या माणसांना ठाऊक असू शकते, शिवाय घरात शिरून कागदपत्रे चाळणाऱ्यालाही. आणखी कोणी बायबलातील ११८ व्या स्तोत्राकडे बोट दाखवितो. चिठ्ठीच्या शेवटी ‘एस. बी. टी. सी.’ अशी चार अक्षरे आहेत. कोणी त्यांत क्रूसाने तारलेल्या भक्ताची खूण पाहतो, तर कोणी फिलिपाइन्समधील सुबिक उपसागरावरचे नाविक केंद्र, कारण जॉन रॅमसी आरमारात असताना तेथे होते. चार अक्षरांत एकाला देव दिसतो, दुसऱ्याला आरमार!

शुद्धलेखनाचीही तीच गत. ‘बिझनेस’ हा साधा शब्द चिठ्ठीत चुकला आहे; ‘अटॅशे’ हा फ्रेंच शब्द मात्र त्यावरच्या स्वरचिन्हासकट बिनचूक आहे. यावरून एक पक्ष ठरवितो की, लिहिणारा सुशिक्षित असून अडाण्याचे सोंग करीत आहे. दुसरा पक्ष विचारतो, कठीण शब्द बरोबर आणि सोपा चूक लिहिणारी माणसे आपण रोज पाहत नाही काय? जॉन रॅमसींना उद्देशून ‘तुमचे ते दक्षिणी शहाणपण वापरा’ असे एक वाक्य आहे. गृहस्थ जन्माने दक्षिणेकडचे नव्हेत. काही वर्षे अटलांटात राहिलेले. मग ही घरातली थट्टा, की परक्याचे अज्ञान? महाराष्ट्राबाहेर राहून मराठी बोलणाऱ्या आमच्या वाचकांना हे सांगावयास नको की, एखाद्या शब्दावरून कोणाचे गाव ओळखू पाहणारा बहुधा फसतो. आम्हां मंडळींना किती जणांनी कोठकोठले ठरविले आहे!

लांबीविषयी मात्र गृहपक्षाचा मुद्दा वजनदार आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. ज्या घरात गुन्हा करावयाचा त्याच घरात बसून कोणता चोर अडीच पाने लिहील? प्रश्न रास्त आहे. पण त्याची दुसरी बाजूही तेवढीच अवघड आहे. तळघरात मुलीचे प्रेत असताना कोणती आई स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या वहीवर अडीच पाने लिहील आणि लगेच पोलिसांना घरी बोलावून ती त्यांच्या हाती देईल? हस्ताक्षराचा नमुना म्हणून ती वहीसुद्धा वडिलांनीच पोलिसांना दिली. हे निरपराधाचे भोळेपण म्हणावे, की अपराध्याचा कावा? चिठ्ठी याचे उत्तर देत नाही. ती विचित्र आहे एवढेच सिद्ध होते, आणि ती कोणीही लिहिली असली तरी विचित्रच राहते.

साम्य आढळले तर अपराध सिद्ध, आणि फरक आढळला तर सोंग सिद्ध, अशी ही तर्कपद्धती आहे. ती नवी नाही. १८९४ साली फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रेफस यांच्यावर देशद्रोहाचा आरोप आला, तेव्हा बर्तियाँ या नामांकित तज्ज्ञाने असेच प्रतिपादन केले होते. अक्षर जुळते तेथे ते ड्रेफसचे, आणि जुळत नाही तेथे ड्रेफसने मुद्दाम बदललेले! एका निरपराध माणसाची डेव्हिल्स बेटावर काही वर्षे गेली. त्याच्यावरचा कलंक पूर्णपणे धुऊन निघावयास १९०६ साल उजाडावे लागले. ज्या सिद्धांताला कोणताही पुरावा खोटा पाडू शकत नाही, तो सिद्धांत नव्हे, हट्ट होय.

बोल्डरच्या प्रकरणात तर एक वाङ्मयपंडितच साक्षीला उतरले होते. व्हॅसर कॉलेजातील इंग्रजीचे प्राध्यापक डोनाल्ड फॉस्टर हे शैलीवरून लेखक ओळखण्याबद्दल विख्यात होते. १९९६ साली एका निनावी राजकीय कादंबरीचा कर्ता त्यांनी अचूक ओळखला होता. १९९७ साली त्यांनी पॅट्सी रॅमसी यांना आपण होऊन पत्र लिहिले आणि त्या निर्दोष आहेत अशी खात्री प्रकट केली. पुढच्याच वर्षी पोलिसांच्या बाजूने चिठ्ठी तपासून, ती त्याच बाईंनी लिहिली, असा त्यांनी निर्वाळा दिला. मूळ चिठ्ठी एकच, वाचणारा एकच, आणि निर्णय मात्र दोन टोकांचे! ते पहिले पत्र पुढे आल्यावर त्यांची साक्ष सरकारपक्षाच्या उपयोगाची राहिली नाही.

याच प्राध्यापकांनी एक जुनी शोककविता शेक्सपिअरची ठरविली होती. शेक्सपिअरच्या समग्र वाङ्मयाच्या मान्यवर आवृत्त्यांत तिला जागाही मिळाली. ती जॉन फोर्डची असल्याचे दाखवून दिले गेले, तेव्हा २००२ साली त्यांनी आपले मत मोकळेपणाने मागे घेतले. ही गोष्ट त्यांना भूषणावहच आहे. आमच्याकडेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारदे यांनी ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव निराळे असल्याचा वाद उभा केला, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या शाई खर्च झाली. अशा वादांनी अभ्यास पुढे जातो. चूक झाली तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येते. पण जिवंत बाईच्या नावापुढे ‘मुलीची मारेकरीण’ असे छापले गेले, तर त्याची सुधारलेली आवृत्ती कोण काढणार?

मग चिठ्ठीला काहीच मोल नाही काय? असे आम्ही म्हणत नाही. १९३२ साली लिंडबर्ग यांचे मूल पळविले गेले, तेव्हाही खंडणीच्या चिठ्ठ्या आल्या होत्या. हाउप्टमान याच्यावरील खटल्यात सरकारपक्षाच्या आठ हस्ताक्षरतज्ज्ञांनी साक्ष दिली. पण तेथे खंडणीत दिलेल्या नोटा आरोपीच्या गॅरेजमध्ये सापडल्या होत्या. त्या निकालावरही आजवर आक्षेप घेतले जातात, हे खरे. तथापि तेथे अक्षराच्या जोडीला हाताला लागणारी वस्तू होती. बोल्डरला तशी वस्तू कोठे आहे? मुलीच्या कपड्यांवर अनोळखी पुरुषाचे जनुकीय अंश आढळले. ते आजवर कोणाशीही जुळलेले नाहीत. २००६ साली एका इसमाने खुनाची कबुली दिली. त्याच्याशीही ते जुळले नाहीत आणि कबुली पोकळ ठरली.

न्यायसंस्थेनेही या प्रकरणात एकमुखाने निकाल दिलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९९९ साली ग्रँड ज्यूरीने आईबापांवर, मुलीला धोक्यात ठेवल्याबद्दल आणि अपराध्याला साह्य केल्याबद्दल, आरोप ठेवण्याच्या बाजूने मत दिले. जिल्ह्याचे सरकारी वकील अलेक्स हंटर यांनी पुरावा अपुरा म्हणून त्यावर सही केली नाही. ही गोष्ट २०१३ साली उघड झाली. उलट २००३ साली अटलांटातील संघन्यायालयाने एका बदनामीच्या दाव्यात नमूद केले की, विचारलेल्या सहा हस्ताक्षरतज्ज्ञांपैकी एकानेही चिठ्ठी आईची ठरविली नाही. बहुधा ती तिची नसावी, असाच त्यांचा कल होता. २००८ साली नव्या सरकारी वकील मेरी लेसी यांनी कुटुंबाला लेखी निर्दोष ठरविले, आणि त्या निर्णयावरही टीका झाली. इतक्या विरुद्ध मतांच्या गर्दीत, केवळ एका वाक्याच्या वळणावरून ‘आम्हांस खुनी सापडला’ म्हणणाऱ्याला धाडसी म्हणावे की बेजबाबदार, हे वाचकांनीच ठरवावे.

पॅट्सी रॅमसी २००६ च्या जूनमध्ये कर्करोगाने वारल्या. त्या अपराधी होत्या की नव्हत्या, हे कोणत्याही न्यायालयाने ठरविले नाही. चिठ्ठीच्या भाष्यकारांनी ते कधीच ठरवून टाकले होते. आमचे सांगणे एवढेच की, शैलीवरून संशय घ्यावा, शोधाची दिशा घ्यावी, पण शिक्षा देऊ नये. चिठ्ठीतल्या शब्दांवर आजवर जेवढे बारकाईने लक्ष गेले, तेवढे त्या पहिल्या सात तासांत तळघराकडे गेले असते, तर कदाचित आज वाद करावयास चिठ्ठी उरली नसती. सहा वर्षांची एक मुलगी मारली गेली, आणि तिच्याविषयी जे लिहिले जाते त्यात तिच्यापेक्षा चिठ्ठीच मोठी झाली आहे. ज्यांना वाचन हीच विद्या वाटते, त्यांनी तरी या अन्यायात भर घालू नये.