रेडिओलॉजीची बातमी तपासतो कोण?



३ मे २०२१ रोजी, कोरोनाची दुसरी लाट भरात असताना, दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की एक सीटी स्कॅन म्हणजे छातीचे तीनशे ते चारशे एक्स-रे. सौम्य लक्षणांवर उगाच सीटी काढू नका, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो रास्त होता. मथळ्यात मात्र आकडा चढला. रेडिओलॉजिस्टांच्या ‘आयआरआयए’ या देशव्यापी संघटनेने आक्षेप घेतला: आजच्या यंत्रावर कमी मात्रेत काढलेला सीटी पाच ते दहा एक्स-रेइतकाच असतो. मग त्याचाही मथळा झाला. ज्या घरात रुग्ण अंथरुणावर होता आणि सीटीचा पंचविसापैकी स्कोर किती आला यावर सगळ्यांचा जीव टांगलेला होता, त्या घराने चारशे खरे मानायचे की पाच?

आकड्यांतली ही तफावत कुठून येते, हे सांगायला चार ओळी पुरल्या असत्या. छातीच्या एका साध्या फोटोत सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. समोरून आणि बाजूने असे दोन फोटो धरून काही तक्ते ०.१ देतात. नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या छातीच्या सीटीत सुमारे ७, तर कमी मात्रेच्या सीटीत एक-दीड. सातला ०.०२ ने भागले की साडेतीनशे येतात, एकाला ०.१ ने भागले की दहा. कोणता सीटी आणि कोणता एक्स-रे, एवढ्यावरच सगळा फरक. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, हेही शेजारी छापले असते तर वाचकाच्या भीतीला काही माप मिळाले असते. हे गणित मांडण्याची जबाबदारी बातमीदाराची होती, आणि त्याहून जास्त ती बातमी पानात सोडणाऱ्या उपसंपादकाची.

यंत्राच्या कौतुकाच्या बातमीचेही तसेच. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘चेक्सनेट’ ही संगणकप्रणाली छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया रेडिओलॉजिस्टांपेक्षा चांगला ओळखते असे जाहीर केले. बातमी जगभर गेली. मूळ निबंध उघडणाऱ्याला दिसत होते की तुलना फक्त चार रेडिओलॉजिस्टांशी आणि ४२० फोटोंवर झाली होती. प्रणालीला शिकवण्यासाठी ज्या लाखभर फोटोंचा संग्रह वापरला, त्यांवरची निदाने कुणी फोटो पाहून लिहिलेली नव्हती. संगणकाने ती जुन्या रिपोर्टांच्या मजकुरातून उचलली होती. ल्यूक ओकडेन-रेनर या ऑस्ट्रेलियन रेडिओलॉजिस्टांनी तो संग्रह स्वतः चाळला, तेव्हा अनेक निदाने फोटोंशी जुळेनात. फुप्फुसाभोवती हवा साठल्याची नोंद असलेल्या बऱ्याच फोटोंत ती हवा काढायची नळी आधीच छातीत घातलेली दिसत होती. अशा फोटोंवर शिकलेली प्रणाली आजार ओळखते की नळी, हा प्रश्न बातमी देणाऱ्यांनीही विचारायला हवा होता.

केवळ रेडिओलॉजीच्या बातम्या देणारी प्रकाशनेही आहेत. अमेरिकेतले ‘आँटमिनी’ १९९९ पासून चालते आणि एका रेडिओलॉजिस्टानेच ते सुरू केले. शिकागोत दर नोव्हेंबरअखेर भरणाऱ्या ‘आरएसएनए’ या रेडिओलॉजी संघटनेच्या अधिवेशनातले निबंध तिथले वार्ताहर नेमाने वाचकांपर्यंत पोचवतात. पण अशा प्रकाशनांचा वाचक व्यवसायातला असतो आणि जाहिराती बहुधा यंत्रे विकणाऱ्यांच्या. रुग्णाच्या बाजूने विचारायला सर्वसाधारण वृत्तपत्रच लागते.

बातमीदार वॉल्ट बॉगडॅनिच यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून ते करून दाखवले. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात मेंदूच्या सीटीची सेटिंग चुकल्यामुळे दोनशेहून अधिक रुग्णांना दीड वर्ष नेहमीच्या आठपट किरणोत्सर्ग मिळत राहिला होता. काही रुग्णांच्या डोक्याभोवतीचे केस पट्टा मारावा तसे गळाले. २००९ मध्ये ही चूक उघड झाली, पण बॉगडॅनिच तिथे थांबले नाहीत. इतर रुग्णालयांतही असेच जादा किरणोत्सर्ग मिळालेले रुग्ण त्यांनी शोधून काढले. सीटीची मात्रा रुग्णाच्या कागदपत्रांत नोंदवलीच पाहिजे, असा कायदा २०१० मध्ये कॅलिफोर्नियाने केला. बॉगडॅनिच डॉक्टर नाहीत. त्यांनी कागद मागितले, रुग्ण गाठले आणि आकडे समजून घेतले. म्हणून वैद्यकीय पदवी नसल्याची सबब इथे चालत नाही.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट हवी असते: परदेशातल्या बातमीचा त्याच्या गावाशी संबंध काय? ऑगस्ट २०२३ मध्ये स्वीडनमधल्या ८०,००० महिलांच्या चाचणीतून कळले की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने मॅमोग्राफी वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी कमी होते. बातमी चांगलीच आहे. मात्र तिथे प्रत्येक फोटो एरवी दोन रेडिओलॉजिस्ट वाचतात. महाराष्ट्रात सरसकट मॅमोग्राफीची व्यवस्थाच नाही. उलट टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख महिलांची दोन गटांत चाचणी घेतली. एका गटातल्या महिलांची प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: पन्नाशीच्या पुढच्या महिलांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, त्याखालच्या वयात तसा फायदा दिसला नाही. स्वीडनच्या बातमीखाली हा मजकूर चौकटीत टाकणारा संपादक विदर्भातल्या किंवा कोकणातल्या बाईच्या खऱ्या उपयोगी पडेल.

एजन्सीची बातमी रात्री येते, घाईने भाषांतर होते आणि पान सुटते, ही अडचण खरी आहे. छोट्या दैनिकाला स्वतंत्र विज्ञान-संपादक परवडत नाही, हेही खरे. पण बहुतेक मोठ्या शहरांत वैद्यकीय महाविद्यालयाचा रेडिओलॉजी विभाग असतो आणि कर्करोग रुग्णालयांत किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारे भौतिकशास्त्रज्ञ असतात. यंत्र विकण्यात ज्यांचा काही लाभ नाही अशा एकाला फोन करायला दहा मिनिटे लागतात. उत्तर मिळत नसेल तर बातमी एक दिवस थांबू शकते. सीटीची भीती किंवा यंत्राची महती उद्या छापली म्हणून कुणाचे काही बिघडत नाही.

तेव्हा आपल्या नियतकालिकाने एवढा नियम जाहीर करावा: रेडिओलॉजीच्या प्रत्येक बातमीत तपासणी किती रुग्णांवर झाली, तुलना कुणाशी केली, मात्रा किती होती आणि पैसा कुणी दिला हे छापले जाईल, चूक झाली तर दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे येईल. पुढच्या आरोग्य पुरवणीपासूनच तो पाळायला घ्यावा, ही विनंती.

— एक वाचक, सातारा